न भाजलेला गळा

सुगंधा पालशेतकरच्या गळ्यावर उपचाराच्या अठरा दिवसांत साधा लाल ठिपकासुद्धा उमटला नव्हता, आणि डॉ. नसीमा मुकादमांना नेमकं तेच खटकत होतं.

तिच्या नवऱ्याला, हरेश्वरला, मात्र त्याचाच तोरा होता. रुग्णालयातल्या बाकावर शेजारी बसणाऱ्या माणसांच्या माना किरणांच्या उपचारानं एव्हाना तांबूस-काळ्या पडल्या होत्या. कुणाच्या डोळ्यांत घोटभर पाणी गिळताना पाणी यायचं, कुणी पंधरा दिवस नुसत्या पेजेवर होतं. सुगंधा रोज सकाळी तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं खाऊन यायची. "आमच्या हिचा कातडा दर्यावरचा हाय, मशीनला दाद देत न्हाय," असं हरेश्वर एकदा शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणालासुद्धा. त्या म्हाताऱ्याला बोलता येत नव्हतं म्हणून बरं, नाहीतर त्यानं चांगलंच ऐकवलं असतं.

त्या शुक्रवारी डॉक्टरांनी सुगंधाच्या नाकातून बारीक दुर्बीण घशात उतरवली आणि पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग दुर्बीण काढून त्यांनी हातमोजे उतरवले.

"गाठ आहे तेवढीच आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी होती तेवढी. आतापर्यंत ती निम्म्याच्या आत यायला हवी होती."

"मशीन बिघडला असेल," हरेश्वर म्हणाला.

"मलाही तेच वाटलं. काल पाण्याची टाकी ठेवून माप घेतलं, दोनदा. यंत्र चोख आहे. किरण पोचताहेत, पण काम करत नाहीत. ना गाठीवर, ना कातडीवर. असा पेशंट मी पाहिला नाही." डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "सुगंधाताई, बाहेरचं काही औषध चालू आहे? काढा, गोळी, कुणी दिलेलं काही?"

सुगंधा तोंड उघडणार तेवढ्यात हरेश्वर म्हणाला, "न्हाय न्हाय. काय सुदिक न्हाय."

सुगंधानं मान वळवून त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तोंड मिटून घेतलं.

"मग सोमवारी सर्जन बघतील," डॉक्टर म्हणाल्या. "किरणांना दाद न देणारी गाठ मी घशात ठेवू शकत नाही. स्वरयंत्र काढावं लागेल. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा. जीव वाचेल. आवाज मात्र जाईल."

आवाज जाईल हे वाक्य कुणालाही जड जातं, पण सुगंधाच्या बाबतीत त्याचं वजन काही वेगळंच होतं. सोनगाळ बंदरावर ती सव्वीस वर्षं मासळीचा लिलाव पुकारत होती. होड्या लागल्या, टोपल्या वाळूवर मांडल्या, की ती मधे उभी राहायची आणि तिचा आवाज थेट जेटीच्या टोकाला ऐकू जायचा. तिथला रिवाज साधा. बोली थांबली की ती म्हणणार "एक वार", मग "दोन वार", आणि तिनं "तीन वार" म्हटलं की टोपली गेली. त्यानंतर देव जरी बोली घेऊन आला तरी टोपली परत येत नाही. तिच्या "दोन वार"नंतरच्या थांबण्यात मोठमोठ्या व्यापाऱ्यांना घाम फुटायचा. याच आवाजाला जानेवारीत चरा पडला. तपासणीत स्वरतंतूवर हरभऱ्याएवढी गाठ निघाली आणि डॉक्टर म्हणाल्या, "अगदी सुरुवात आहे, किरणांनी जाईल, आवाजही राहील." त्या "राहील"च्या भरवशावर सुगंधा शनिवार-रविवार सोडून रोज खाडी ओलांडून येत होती.

आता हरेश्वरची गोष्ट सांगायला हवी, कारण पाणी तिथंच मुरत होतं.

हरेश्वर खाडीपलीकडच्या जहाजं बांधणाऱ्या कारखान्यात वेल्डिंगच्या सांध्यांचे फोटो काढायचा. साधे नव्हे, आरपार. इरिडियमची करंगळीच्या पेरापेक्षा लहान कांडी शिशाच्या जड पेटीत बंद असते. लांबून चाक फिरवायचं, कांडी नळीतून सांध्यापाशी जाते, तिचे किरण पोलादातून पार होतात आणि आत कुठं भेग असेल तर ती फोटोत उमटते. कांडी बाहेर असताना माणसानं जवळ फिरकायचं नाही. दोरी बांधायची, पिवळी पाटी लावायची, छातीला किरण मोजणारा बॅज लावायचा आणि दोरीपलीकडून चाक फिरवायचं. चोवीस वर्षं त्यानं हेच केलं आणि हेच शिकवलं. त्याच्या हाताखालून निघालेल्या प्रत्येकाला त्याचं पहिलं वाक्य पाठ होतं: पाटी दिसली की पाय मागं.

मग पट्टी आली. किरण अंगात शिरतात तेव्हा पेशीला थेट लागतात ते थोडेच. खरा घात करतं ते पाणी. पेशीत मुख्यतः पाणीच असतं. किरण त्या पाण्याचे रेणू फोडतात, आणि तापल्या तेलात ओली मासळी सोडली की थेंब जसे चौफेर उडतात, तसे ते फुटके तुकडे उडून शेजारच्या रंगसूत्रांना भाजतात. शास्त्रज्ञ त्यांना मुक्त मूलक म्हणतात. पट्टीत सिरियम धातूच्या ऑक्साइडचे कण होते, इतके बारीक की केसाच्या जाडीत वीस हजार मावावेत. ते या तुकड्यांना वाटेतच गाठून निकामी करायचे. क जीवनसत्त्वही हे काम करतं, पण एकदा केलं की ते खर्ची पडतं. सिरियमचा कण मात्र रूप पालटतो, पुन्हा मूळपदावर येतो आणि पुढच्या तुकड्यासाठी तयार असतो. रोज पाळीआधी कागदासारखी एक पट्टी जिभेखाली ठेवायची. लेप दिलेले कण तिथूनच रक्तात उतरायचे. थेट बसणाऱ्या किरणांपुढं तिचं काही चालत नव्हतं, पण एकूण इजेतली तीन चतुर्थांश तरी ती अडवायची.

कारखान्यानं तिचा दुहेरी फायदा घेतला. माणसं वाचली, आणि दोरी जवळ आली. पूर्वी तीस मीटरवर असायची ती पंधरावर आली, काम दुप्पट झालं. बॅजवरचा आकडा फुगला तर फुगू दे, रक्तातला बघू, असा नवा हिशेब सुरू झाला. महिन्याला रक्त घ्यायचं आणि किती रंगसूत्रं तुटली ते मोजायचं. पट्ट्या वाटायचं काम आणि त्यांची वही हरेश्वरकडे होती, कारण त्याच्याइतका विश्वासाचा माणूस त्या कारखान्यात दुसरा नव्हता.

हा विश्वासाचा माणूस पत्नीला घेऊन पहिल्या दिवशी रुग्णालयात गेला. तळघरातल्या जाड दारावर तीच पिवळी पाटी होती. त्याचे पाय आपोआप मागे सरले. सुगंधाला टेबलावर निजवलं, चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून तो टेबलाला घट्ट केला, आणि मग एक एक करून सगळे बाहेर आले. दार लागलं. आत ती एकटी. आयुष्यभर त्यानं लोकांना ज्या जागेवरून हाकललं होतं, नेमकं तिथं त्याची बायको बांधून ठेवलेली होती. हे उपचार आहेत हे त्याला कळत नव्हतं असं नाही, पण कळणं डोक्यात असतं आणि भीती पायांत.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या वाट्याची पट्टी जिभेखाली न ठेवता खिशात टाकली, वहीत नावासमोर सही केली आणि त्याच्या पुढच्या सकाळी ती सुगंधाला दिली. पट्टीच्या पाकिटावर छापलंच होतं की ही निरोगी पेशींचं रक्षण करते. म्हणजे गाठीचं करणार नाही, असा त्यानं आपल्या सोयीचा अर्थ लावला.

"जिभेखाली ठेव. घसा सुकायचा न्हाय," तो तिला म्हणाला. "कंपनीच्या डॉक्टरनं दिलीय."

तेव्हापासून रोज यंत्राखाली जायच्या तासभर आधी सुगंधाच्या जिभेखाली एक पट्टी विरघळत होती.

त्या दिवशी परतीच्या फेरीबोटीत हरेश्वर कठड्याला टेकून उभा राहिला आणि डॉक्टरांचं वाक्य त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. किरण पोचताहेत, पण काम करत नाहीत. हे वाक्य त्यानं आधी ऐकलं होतं. पट्टीचं प्रशिक्षण झालं तेव्हा कंपनीच्या माणसानं अगदी हेच, अगदी कौतुकानं सांगितलं होतं. खाडीच्या मध्यावर त्याला सगळं लख्ख कळलं. तो ज्याच्यापासून तिला वाचवत होता तेच तिला वाचवणार होतं.

यावर मोकळेपणी बोलायचं सोडून त्यानं मनाशी तोडगा काढला. उद्यापासून पट्टी बंद. कुणाला काही सांगायचं नाही. पट्टी बंद केली की गाठ विरघळेल आणि डॉक्टरांना वाटेल, उशिरानं गुण आला. चार आठवड्यांच्या खोट्या सह्या, परवाना, नाव, सगळं झाकलेलं राहील. सोमवार मधे उभा आहे, हे मात्र तो सोयीनं विसरला.

शनिवारी उपचार नसले तरी पट्टी चुकत नसे; या शनिवारी सकाळी मात्र त्यानं तिला ती दिली नाही. सुगंधानं मागितलीही नाही. दुपारी तो विहिरीवरून अंघोळ करून आला तेव्हा ती ओटीवर बसली होती आणि तिच्यासमोर दोन कागद होते. एक तिच्या दुर्बिणीचा अहवाल. दुसरा कारखान्यातून आलेला, हरेश्वरच्या रक्ताचा. पाकीट तिनं फोडलं होतं. घरात आलेलं कुठलंही पाकीट तीच फोडायची, त्यात नवीन काही नव्हतं.

"बसा," ती म्हणाली. आवाज आता कुजबुजीच्या वर येत नव्हता. "ह्याच्यात लिवलाय, तुटलेली रंगसूत्रा चौपट. पट्टीचा परिणाम दिसत न्हाय. तुमच्या एकट्याच्याच रक्तात. आनि ह्याच्यात लिवलाय, माझ्यावर किरणांचा परिणाम दिसत न्हाय. माझ्या एकटीच्याच गळ्यात." तिनं दोन्ही कागद शेजारी शेजारी सरकवले. "सव्वीस वर्सा मानसांची तोंडा बघतेय मी. मनात येक बोली आनि तोंडात दुसरी, असा मानूस मला लांबून कळतो. डाक्टरनीसमोर तुमी तसेच दिसलाव."

हरेश्वर जमिनीकडे बघत राहिला.

"ती पट्टी कसली व्हती?"

त्यानं ओल्या पंचाचं टोक पिळायला घेतलं.

सुगंधानं पदर सावरला, पाठ ताठ केली आणि बंदरावर उभी राहायची तशी बसल्या जागी सरळ झाली. "एक वार," ती म्हणाली.

पडवीत मांजर अंग चाटत होतं. रस्त्यानं एक टेम्पो बर्फ घेऊन गेला.

"दोन वार."

ती थांबली. हे थांबणं हरेश्वरनं बंदरावर शेकडो वेळा बघितलं होतं आणि त्यात सापडलेल्या व्यापाऱ्यांना तो हसला होता. आता त्याला कळलं की तिसरा वार झाला तर काय जाईल. ती रडणार नव्हती की भांडणार नव्हती. तिनं एकदा टोपली सोडली की सोडली.

"माझी व्हती," तो म्हणाला. "कारखान्यातली. किरणांपासून वाचवनारी. तुला आत एकटीला ठेवून सगळे भायेर आले, मला बघवला न्हाय गो. मी माझी तुला दिली. आनि ती गाठीलाबी वाचवत बसली." एवढं बोलून तो ढसाढसा रडला.

रागानं सुगंधाची कानशिलं लाल झाली होती. मग तिनं त्याच्या रक्ताचा कागद उचलला, पुन्हा वाचला आणि घडी घालून त्याच्या हातात दिला.

"म्हंजे चार आठवडे तुमी उघडे उभे व्हताव तिथं," ती म्हणाली. "मला न विचारता. गळा माझा आनि बोली तुमची?" थोड्या वेळानं ती उठली. "कपडे घाला. डाक्टरनीचा नंबर लावा. सोमवारची वाट बघायची न्हाय."

डॉ. मुकादम शनिवार असूनही आल्या. हरेश्वरनं पट्टीचं पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. ऐकता ऐकता डॉक्टरांचा चेहरा असा झाला की त्याला वाटलं, आता या आपल्याला बाहेर काढणार.

"पालशेतकर, पुढच्या आठवड्यात मी हिचा निरोगी गळा कापायला दिला असता," त्या म्हणाल्या. "निरोगी म्हणजे, बरा होऊ शकणारा. मी तुम्हाला सरळ विचारलं होतं."

"व्हय."

"आणि तुम्ही नाही म्हणालात."

"व्हय."

डॉक्टर उठून खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. राग त्यांना होताच, पण त्याखाली दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं. कोडं सुटलेल्या माणसाचा तरतरीतपणा लपवता येत नाही.

"ऐका, सुगंधाताई. हे कण काही गाठींत उलटे वागतात. मोठी, आतून आम्लधर्मी झालेली गाठ असेल तर तिथं ते रक्षण करत नाहीत. पण तुमची गाठ लहान, ताजी, रक्त भरपूर पिणारी. शिवाय पट्टीवरचा लेप कामगारांसाठी बनवलेला, तो सगळ्यांनाच सांभाळतो. गाठीला कळतंय काय, आपण चोर आहोत म्हणून?"

"मग झालेले अठरा दिवस फुकट?" सुगंधानं विचारलं.

"गाठीच्या बाबतीत बरेचसे. पण एक गोष्ट आहे." डॉक्टरांनी पेन उचललं. "पट्टीनं गाठ वाचवली तशी तुमची कातडी, घसा, सगळंच वाचवलं. एरवी इतके किरण दिल्यावर मला नव्यानं सुरुवात करता आली नसती, गळ्यानं सोसलं नसतं. तुमचा गळा जवळजवळ कोरा आहे. पाच दिवस थांबू. रोज रक्त बघू, कण निघून गेले की त्याच दिवशी सुरू. गाठीला सावरायला वेळ द्यायचा नाही, म्हणून दिवसातून दोनदा. ह्या वेळी मात्र भाजेल. चांगलंच भाजेल. सोसाल?"

"सोसंन," सुगंधा म्हणाली. "पन मशीनवर न्यायची येळ झाली की ह्यांना भायेर, लांब बसवा."

कारखान्यात हरेश्वर स्वतःहून गेला. वही समोर ठेवून त्यानं खोट्या सह्या एक एक करून दाखवल्या. परवाना दोन वर्षांसाठी गेला, आणि तो जाणारच होता. कारखान्याचे डॉक्टर डोक्याला हात लावून म्हणाले, "तुमच्या एकट्याच्या रक्तापायी आम्ही पट्टी बंद करायला निघालो होतो." पण तो कागद त्यांनी फाडला नाही. पंधरा मीटरवरच्या दोरीपाशी पट्टीविना उभ्या राहिलेल्या माणसाचं काय होतं, याचा तो एकुलता एक पुरावा होता. हरेश्वरची तब्येत पुढं नीट राहिली, वर्षभर तपासण्या झाल्या एवढंच. पण त्या कागदानंतर महिन्याभरात दोरी पुन्हा तीस मीटरवर गेली. पट्टी सर्वांना मिळत राहिली, फक्त तिच्या जिवावर धाडस करणं बंद झालं.

सुगंधाचे उपचार गुरुवारी पुन्हा सुरू झाले. पहिला आठवडा काही दिसलं नाही. हरेश्वर रोज सकाळी ती वेणी घालत असताना चहाचा कप घेऊन मागं उभा राहायचा आणि मानेकडे बघत बसायचा. ती वैतागायची. दहाव्या दिवशी तिला आवंढा गिळताना कळ आली. बाराव्या दिवशी तिनं केस वर घेतले आणि कानाखालून गळ्याच्या खड्ड्यापर्यंत तांबडा पट्टा दिसला, उन्हात दिवसभर होडी हाकल्यावर पडतो तसा.

चोवीस वर्षं तो लोकांना सांगत आला होता की असला डाग कुणाच्या अंगावर दिसला तर समजा, आपलं चुकलं. त्यानं कप खाली ठेवला.

"भाजला गो," तो म्हणाला. "भाजला तुझा गळा."

"मग रडताव काय? ती निळी शाई आना, डाक्टरनी म्हनल्या व्हत्या भाजल्यावर लावायला." मग तिलाही राहवलं नाही. तिनं आरशात मान वाकडी करून तो डाग नीट बघितला, आणि दुखत असूनही हसली.

पुढचे पाच आठवडे तिनं पेजेवर काढले आणि शिव्या खुणांनी दिल्या. शेवटी दुर्बीण उतरली तेव्हा डॉ. मुकादमांनी पडदा हरेश्वरकडे वळवला. दोन पांढरे स्वरतंतू स्वच्छ होते, आणि त्यांच्यामधे फक्त श्वास येत-जात होता.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा दर्यात गेल्या आणि पहिली मासळी आली त्या सकाळी सुगंधा वाळूवर उभी राहिली. आवाज पूर्वीचा नव्हता. खाली उतरला होता, कडेला थोडा खरखरीत झाला होता, जेटीच्या टोकापर्यंत पोचणार नव्हता. पण आज जेटीच्या टोकाला कुणी नव्हतंच. सगळं बंदर तिच्याभोवती गोळा झालं होतं. हरेश्वर मागच्या रांगेत उभा होता. बॅज लावायच्या जागी त्याच्या सदऱ्याला नुसती टाचणीची भोकं होती.

पहिली टोपली हाताएवढ्या पापलेटांची. व्यापारी बशीरभाई दर्वेशांनी सवयीनं पडेल बोली केली. ती दुसऱ्या कुणी वाढवली नाही. सुगंधानं आजूबाजूला बघितलं.

"एक वार."

बशीरभाईंनी मागं वळून इतर व्यापाऱ्यांकडे बघितलं.

"दोन वार." ती थांबली, नेहमीपेक्षा जास्तच थांबली. एरवी या थांबण्यात चार हात वर गेले असते. आज एकही गेला नाही. सगळे तिच्या गळ्याकडे बघत होते. त्यांना पापलेटाशी काही देणंघेणं नाही, त्यांना पुढचा शब्द ऐकायचाय, हे तिला कळलं.

"तीन वार," ती म्हणाली. तो शब्द वाळूवर सगळ्यांना ऐकू गेला, आणि हरेश्वरनं डोळे पुसले.

बशीरभाई टोपलीकडे बघत उभे राहिले. एवढ्या स्वस्तात पापलेट त्यांना जन्मात मिळालं नव्हतं, आणि घ्यायचीही त्यांना लाज वाटत होती.

"घ्या, बशीरभाय, तुमचा नशीब," सुगंधा म्हणाली. "तीन वार झाला, आता देवाला बी फिरवता यायचा न्हाय." मग ती गर्दीकडे वळली. "आनि तुमी. पुढच्या टोपलीला जर असे गप उभे राहिलाव, तर येकेकाचा नाव घेऊन पुकारीन. आवाज हाय आता."

आणि तिनं दुसरी टोपली पुढं ओढली.